कमरेच्या मणक्याचे फ्यूजन: ऑपरेशननंतर क्वचित होणारे त्रास आणि ते वेळीच कसे ओळखावेत

कमरेच्या मणक्याचे ऑपरेशन करावे लागेल असे सांगितले की बहुतेक रुग्णांचा पहिला प्रश्न एकच असतो : "डॉक्टर, पाय तर जाणार नाहीत ना?" शेजारीपाजारी, नातेवाईक, गावातले कुणीतरी अशी एखादी गोष्ट सांगतेच, आणि मनात भीती बसते. म्हणून सुरुवात याच प्रश्नापासून करू.

मेंदूपासून खाली येणारा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली सुट्या नसांचा जुडगा असतो. बहुतेक फ्यूजन ऑपरेशने चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, किंवा पाचवा मणका आणि त्याखालचे तिकोनी हाड (त्रिकास्थी) यांच्यामध्ये होतात. म्हणजे ऑपरेशनच्या जागी मज्जारज्जू नसतोच. त्यामुळे दोन्ही पाय पूर्ण लुळे पडण्याचा धोका फार कमी असतो. पण तिथल्या नसांना इजा होऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, हाड न जुळण्याची शक्यता असते. हे त्रास थोड्याच रुग्णांना होतात. मात्र ज्याला होतात त्याच्यासाठी ते कधी ओळखले गेले याला फार महत्त्व असते. काही त्रासांत आठवडाभर थांबले तरी चालते, काहींत काही तासांचा उशीरही महागात पडतो. हा फरक तुम्हाला आणि घरच्यांना कळावा, यासाठी हा लेख आहे.

या ऑपरेशनमध्ये काय करतात?

दोन मणक्यांमधली गादी झिजली, मणका पुढे सरकला, किंवा नसांवरचा दाब काढताना मणक्याचा आधार कमी झाला, तर ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडतात. मणक्यात स्क्रू बसवून ते सळ्यांनी बांधतात. गादीच्या जागी बहुधा 'केज' नावाचा छोटा ठोकळा बसवतात आणि भोवती हाडाचा चुरा भरतात. हा चुरा त्याच ठिकाणच्या काढलेल्या हाडाचा किंवा कमरेच्या हाडाचा असतो.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की स्क्रू आणि सळ्या हा तात्पुरता आधार आहे. खरे जोडकाम तुमचे शरीर करते. नवे हाड तयार होऊन मणके पक्के जुळायला साधारण सहा महिने ते एक वर्ष लागते, काहींना त्याहून जास्त. म्हणून या ऑपरेशनचे त्रासही वेगवेगळ्या वेळी दिसतात : काही पहिल्या दिवशी, काही महिन्याभरात, काही वर्षांनी.

नेहमीचा त्रास कोणता?

आधी हे माहीत हवे, म्हणजे उगाच घाबरायला होणार नाही.

- जखमेच्या जागी दुखणे, कूस बदलताना कळ येणे. पहिले काही दिवस हे जास्त असते, मग हळूहळू कमी होते.
- पहिल्या एक-दोन दिवसांत बारीक ताप. बहुतेक वेळा तो संसर्गाचा नसतो.
- दबलेली नस मोकळी झाल्यावर पायात मुंग्या, चमका किंवा थोडा बधिरपणा. हा काही आठवडे, कधी काही महिने राहू शकतो.
- बद्धकोष्ठता, भूक मंदावणे, थकवा.

यात एक साधा नियम उपयोगी पडतो. दुखणे दोन-तीन दिवसांच्या हिशेबाने पाहा. ते उतरत असेल तर बहुधा सगळे ठीक आहे. उतरलेले दुखणे पुन्हा चढू लागले, किंवा आधी नव्हते असे काही सुरू झाले, तर डॉक्टरांना कळवा.

पहिले दोन-तीन दिवस

*नसांवर रक्ताची गाठ.* ऑपरेशनच्या जागी रक्त साचून नसांवर दाब येऊ शकतो. पुन्हा ऑपरेशन करावे लागेल इतका दाब शंभरातल्या एकाहून कमी रुग्णांत येतो. पण या यादीतली ही सर्वांत तातडीची गोष्ट आहे. बहुधा पहिल्या दिवसभरात, कधी काही दिवसांनी ती दिसते. औषध देऊनही न थांबणारे वाढते दुखणे, पायातली ताकद तासातासाला कमी होणे, आणि लघवी-संडासच्या जागेभोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा ही लक्षणे आहेत. घोड्यावर बसल्यावर खोगिराला टेकणारा भाग डोळ्यांसमोर आणा, तोच हा भाग. लघवी अडकणे हेही मोठे लक्षण आहे, पण लघवीची नळी घातलेली असेल तर ते कळतच नाही. म्हणून नळी असतानाही "तिथे स्पर्श कळत नाही" असे वाटले तर लाजू नका, लगेच सांगा. अशा वेळी तातडीने एमआरआय करून काही तासांत रक्ताची गाठ काढावी लागते. उशीर झाला तर लघवी-संडासवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

नळी काढल्यावर लघवी न होणे मात्र प्रत्येक वेळी नसांमुळेच होते असे नाही. भुलीची आणि वेदनाशामक औषधे, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी ही त्याची जास्त नेहमीची कारणे आहेत. तरी पाच-सहा तासांत लघवी झाली नाही तर नर्सना सांगा. कारण शोधणे त्यांचे काम आहे.

*नसांच्या आवरणाला छेद.* या यादीतला हा त्यातल्या त्यात जास्त आढळणारा त्रास. पूर्वी त्याच जागी ऑपरेशन झाले असेल तर शक्यता वाढते. नसांभोवतीच्या पातळ आवरणात पाण्यासारखा द्रव असतो. आवरणाला छेद गेला तर सर्जन तिथेच टाके घालतात आणि एक-दोन दिवस आडवे राहायला सांगतात. बहुतेकांना पुढे काही त्रास होत नाही. गळती चालूच राहिली तर बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर डोके जोरात दुखते आणि आडवे झाल्यावर थांबते. जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येऊन पट्टी पुन्हा पुन्हा भिजते. असे झाले तर त्याच दिवशी कळवा. डोकेदुखीबरोबर ताप, मान ताठ होणे, उजेड सहन न होणे असेल तर थेट रुग्णालय गाठा. मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची ती खूण असू शकते.

*दिसेनासे होणे.* हा फार दुर्मीळ त्रास आहे, हजारातल्या एकाहूनही कमी रुग्णांत होणारा. अनेक तास पालथे झोपवून चाललेले ऑपरेशन आणि बराच रक्तस्राव यामुळे डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडू शकते. शुद्धीवर आल्यावर किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत एका अथवा दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसते, दुखत मात्र नाही. "भुलीचा असर असेल" म्हणून गप्प बसू नका. गेलेली दृष्टी परत आणण्याचा खात्रीचा उपाय नाही, पण रक्तदाब आणि रक्ताचे प्रमाण लगेच तपासून सुधारणे डॉक्टरांच्या हातात असते.

*झोपण्याच्या स्थितीमुळे बधिरपणा.* ऑपरेशन कमरेचे आणि मुंग्या मात्र करंगळीला किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, असे काहींना होते. पालथे झोपवल्यावर कोपरापाशी किंवा जांघेजवळ नसेवर दाब आल्याने हे घडते. ते बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरे होते.

*पोट फुगणे.* आतड्यांची हालचाल मंदावली तर पोट फुगते, उलट्या होतात, वायू सरत नाही. अशा वेळी घरून आणलेला डबा आग्रहाने भरवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

*वयस्कर रुग्णाचे भान जाणे.* साठी-सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांत रात्री असंबद्ध बोलणे, घरच्यांना न ओळखणे, नळ्या ओढणे असे दिसू शकते. हे वेड नव्हे. औषधे, झोप न होणे, रक्तातले सोडियम कमी होणे, लघवीचा संसर्ग यांपैकी काहीतरी कारण सापडते आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत पूर्ववत होतात. ओळखीचे माणूस जवळ असणे, चष्मा आणि ऐकण्याचे यंत्र लावणे, दिवसा खोलीत उजेड ठेवणे यांचा खरोखर उपयोग होतो.

पहिला महिना

*जंतुसंसर्ग.* स्क्रू-सळ्या घातलेल्या ऑपरेशनांत शंभरातल्या साधारण एक ते पाच जणांना तो होतो. मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखू, दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या यांनी शक्यता वाढते. तो बहुधा एक ते चार आठवड्यांत, म्हणजे तुम्ही घरी गेल्यावर दिसतो. कमी झालेले दुखणे पुन्हा वाढते, जखमेभोवती लाली आणि ऊब येते, पाणी किंवा पू येतो, ताप येतो. मधुमेही आणि वयस्कर माणसांत ताप येईलच असे नाही, कधी फक्त दुखणेच वाढते. रक्तातली सीआरपी तपासणी आणि जखमेतल्या द्रवाची तपासणी करून निदान होते. बऱ्याचदा जखम पुन्हा उघडून धुवावी लागते आणि काही आठवडे प्रतिजैविके घ्यावी लागतात. लवकर लक्षात आले तर स्क्रू बहुधा तसेच ठेवता येतात.

घरी रोज एकाच वेळी, एकाच उजेडात मोबाइलवर जखमेचा फोटो काढून ठेवा. बदल झाला तर तो लगेच दिसतो आणि डॉक्टरांना दाखवताही येतो. जखमेवर हळद, तेल, घरगुती लेप काहीही लावू नका.

*पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी.* एकाच पायाची पोटरी सुजणे, गरम लागणे, दुखणे ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी घरचे मायेने तेल लावून पाय चोळून देतात. तेच करू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे, चक्कर येऊन पडणे असे झाले तर ती जिवावर बेतणारी वेळ आहे. ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

*स्क्रूचा नसेला स्पर्श.* स्क्रू ठरलेल्या जागेपासून थोडा बाजूला गेला तर बहुतेकदा काही जाणवत नाही. पण तो नसेला टेकला तर पायात नवी, तीव्र कळ जाते किंवा ताकद कमी होते. घरी एक सोपी तपासणी करता येते. रुग्णाला पायाचा अंगठा आणि चवडा वर उचलायला सांगा आणि वरून हाताने हलका दाब द्या. दोन्ही पायांत जोर सारखा आहे का ते बघा. एका पायाचा अंगठा उचलतच नसेल, किंवा चालताना चवडा घसटत असेल आणि हे आधी नव्हते, तर त्याच दिवशी दाखवा. सीटी स्कॅनवर स्क्रूची जागा नीट कळते. गरज पडल्यास तो काढून पुन्हा बसवतात आणि हे जितके लवकर होईल तितकी नस सुधारण्याची आशा जास्त.

पोटाच्या बाजूने ऑपरेशन झाले असेल तर

काही वेळा पाठीऐवजी पोटाच्या समोरून किंवा कुशीतून मणक्यापर्यंत जातात. समोरून जाताना मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला घ्याव्या लागतात. त्यांना क्वचित इजा होऊ शकते, म्हणून बऱ्याच ठिकाणी रक्तवाहिन्यांचे सर्जन सोबत असतात. पुरुषांमध्ये तिथल्या बारीक नसांना धक्का लागल्यास संभोगाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकते. यात लैंगिक ताकद जात नाही, पण मूल होण्यात अडचण येते. काहींमध्ये हे काही महिन्यांत सुधारते. पुढे मूल हवे असेल तर ऑपरेशनआधीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, वीर्य साठवून ठेवण्याची सोय असते. कुशीतून केलेल्या ऑपरेशननंतर त्या बाजूची मांडी बधिर वाटणे किंवा पाय उचलायला जड जाणे बऱ्याच जणांना होते आणि बहुधा ते तात्पुरते असते.

तीन महिने ते वर्ष

*हाड न जुळणे.* एक्स-रेवर स्क्रू व्यवस्थित दिसले म्हणजे हाड जुळले असे होत नाही. मणके जुळले नाहीत तर हालचालीचा सगळा ताण स्क्रूंवर येतो. ते सैल होतात किंवा मोडतात, केज जागेवरून सरकू शकते. आधी बरे वाटून सहा महिने-वर्षाने कंबर पुन्हा दुखू लागणे, उठता-बसताना कळ येणे ही त्याची खूण. काहींना मात्र हाड न जुळूनही काही त्रास नसतो, त्यांना नुसते लक्ष ठेवणे पुरते. त्रास असेल तर सीटी स्कॅन करून पुन्हा ऑपरेशनचा विचार करतात.

*कण्याच्या तळाच्या हाडाला बारीक भेग.* पाचव्या मणक्याखाली फ्यूजन झालेल्या आणि हाडे ठिसूळ असलेल्या, विशेषतः वयस्कर स्त्रियांमध्ये त्रिकास्थीला भेग पडू शकते. पडझड काहीच झालेली नसते. काही आठवड्यांनी कुल्ल्यात किंवा कमरेच्या अगदी खाली दुखू लागते. साध्या एक-रेवर ती सहसा दिसत नाही, त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून हे दुखणे मागे पडते. दुखणे टिकून असेल तर सीटी किंवा एमआरआयबद्दल विचारा.

*उशिरा उमटणारा संसर्ग.* काही जंतू सौम्य असतात आणि धातूभोवती महिनोन्‌महिने शांत राहतात. मंद दुखणे, भरलेली जखम पुन्हा ओली होणे, छोटे छिद्र पडून पाझर येणे याकडे दुर्लक्ष करू नका.

काही वर्षांनी

जोडलेले मणके हलत नाहीत, त्यामुळे वरच्या किंवा खालच्या सांध्यावर जास्त ताण येतो आणि तो झिजतो. दर वर्षी शंभरातल्या साधारण दोन ते चार रुग्णांना या शेजारच्या सांध्यामुळे नव्याने त्रास सुरू होतो. त्या प्रत्येकाला पुन्हा ऑपरेशन लागत नाही. व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे आणि औषधे यांवर बऱ्याच जणांचे निभावते.

सगळे तपास चांगले येऊनही काहींचे दुखणे राहते. नसेभोवती व्रण तयार होणे, फार दिवस दबलेली नस पूर्ण न सुधारणे ही त्याची कारणे असू शकतात. असे दुखणे खरे असते, मनाचे खेळ नव्हेत. वेदनातज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांची मदत घ्या आणि कारण स्पष्ट नसताना दुसऱ्या ऑपरेशनची घाई करू नका.

धोका कमी करण्यासाठी तुमच्या हातात काय आहे?

- *निकोटीन बंद.* विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हाड न जुळण्याचे आणि जखम चिघळण्याचे प्रमाण जास्त असते. तंबाखू, गुटखा, दात घासायची मिश्री यांतूनही निकोटीन रक्तात जाते. "मी ओढत नाही, फक्त मिश्री लावते" असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी सोडा आणि हाड जुळेपर्यंत दूर राहा.
- *साखर आटोक्यात.* एचबीए१सी तपासून घ्या. ती खूप जास्त असेल आणि ऑपरेशन तातडीचे नसेल, तर थोडे थांबून साखर ताळ्यावर आणणे शहाणपणाचे.
- *हाडांची ताकद.* पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी आणि वयस्कर पुरुषांनी हाडांची घनता व जीवनसत्त्व ड तपासण्याबद्दल विचारावे.
- *औषधांची पूर्ण यादी द्या.* रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, स्टिरॉइड, काढे, चूर्णे, सगळे सांगा. हृदयाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- *वेदनाशामक गोळ्या परस्पर मेडिकलमधून आणू नका.* काही गोळ्या जास्त दिवस घेतल्यास हाड जुळण्यात अडथळा आणू शकतात, मूत्रपिंडालाही त्रास देतात.
- *लवकर चाला.* सर्जनांनी परवानगी दिली की थोडे थोडे चालल्याने गुठळीचा धोका कमी होतो. वाकणे, पीळ देणे, भरलेली बादली उचलणे, जमिनीवर बसणे हे कधी सुरू करायचे ते विचारूनच ठरवा.

लगेच रुग्णालयात जा, सकाळची वाट पाहू नका

- लघवी अडकणे, किंवा लघवी-संडास नकळत होणे
- लघवी-संडासच्या जागेभोवती बधिरपणा
- पायातली ताकद नव्याने किंवा झपाट्याने कमी होणे
- धाप, छातीत दुखणे
- दृष्टी कमी होणे
- ताप, मान ताठ होणे आणि तीव्र डोकेदुखी

त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा

- १००.४ अंश फॅरेनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा जास्त ताप
- जखमेतून पू, पाणी, वाढती लाली
- एका पोटरीची सूज
- बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर थांबणारी डोकेदुखी
- कमी झालेले दुखणे पुन्हा वाढणे

ऑपरेशनआधी विचारायचे प्रश्न

१. माझ्या बाबतीत फ्यूजन का हवे? नुसता नसेवरचा दाब काढून चालेल का?
२. किती मणके जोडणार, आणि कोणत्या बाजूने जाणार?
३. माझ्या आजारांमुळे कोणता धोका जास्त आहे?
४. घरी गेल्यावर रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घ्या आणि घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा. डिस्चार्जच्या कागदांसोबत ऑपरेशनची नोंद, बसवलेल्या स्क्रूंचा तपशील आणि स्कॅनच्या सीडी एका फाइलीत ठेवा. पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर आधी तंत्रज्ञाला स्क्रू असल्याचे सांगा. आजकालचे स्क्रू बहुधा टायटेनियमचे असतात आणि त्यांच्यासह एमआरआय करता येतो.

ही यादी वाचून ऑपरेशनची धास्ती घेऊ नका. यातले बहुतेक त्रास बहुतेक रुग्णांना कधीच होत नाहीत. पण "डॉक्टरांना रात्री कशाला त्रास द्यायचा" असे म्हणून थांबलेले काही तास नंतर भरून येत नाहीत. शंका आली तर फोन करा. काही नाही असे निघाले तर सगळ्यांना आनंदच आहे.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या उपचारांचे निर्णय तुमच्या सर्जनांशी बोलूनच घ्या.